दोन ताऱ्यांच्या रिव्ह्यूला स्टुडिओचं उत्तर: चार्ट, ऑडिओ फाइल आणि ‘ईझी’ पातळीबद्दल

नमस्कार,

क्लोन हिरो या गेममध्ये प्लास्टिकच्या गिटारवर किंवा ड्रमवर गाण्याबरोबर वाजवायचं असतं; काय कधी वाजवायचं त्या खुणा म्हणजे ‘नोटा’, आणि त्यांची मांडणी म्हणजे चार्ट. तुमच्या बँडच्या गाण्याचा आम्ही केलेला चार्ट तुम्हाला पटला नाही. रिव्ह्यूत तुम्ही म्हणता की सुरुवातीपासून नोटा किंचित पुढेमागे लागतात, दुसऱ्या अंतऱ्यानंतर तर एकही लागत नाही आणि चुकलं तरी गिटार वाजतच राहते. शिवाय टेम्पो मॅप (गाण्याची लय कुठे किती आहे याचा नकाशा) केलाच नाही, ‘ईझी’ पातळी म्हणजे नुसत्या नोटा पुसल्यात, सोलो मध्येच उलटा फिरतो, ढोलकी ड्रमवर विनाकारण घातली आणि स्टेम (वाद्यांचे वेगवेगळे ट्रॅक) जुळवण्याचे जादा पैसे लावले. यातल्या पहिल्या तीन तक्रारींचं मूळ एकच आहे, आणि ते तुम्हीच जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये दिसतंय.

आम्ही दिलेल्या फोल्डरमध्ये ऑडिओच्या पाच ओजीजी फाइल होत्या: गिटार, बेस, ड्रम, गायन आणि उरलेलं सगळं. प्रत्येकीची लांबी 4:07. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये ऑडिओची एकच फाइल आहे, एमपी-थ्री, लांबी 4:12. ही तुमच्या म्युझिक व्हिडिओची आवृत्ती. व्हिडिओत दुसऱ्या अंतऱ्यानंतर साधारण साडेचार सेकंदांचा संवाद आहे, मूळ ध्वनिमुद्रणात तो नाही. चार्टला संवाद कळत नाही. तो आपल्या वेळेवर पुढे सरकतो, गाणं मागे राहतं, आणि तिथून पुढे काहीही जुळणं शक्य नाही.

सुरुवातीचा बारीक फरकही तिथलाच. एमपी-थ्री बनताना आणि उलगडताना फाइलच्या आधी थोडी शांतता चिकटते. नेहमीच्या लेम एन्कोडरमध्ये ती डीकोडरची भर धरून 1105 सँपल, म्हणजे 44.1 किलोहर्ट्झला सुमारे 25 मिलिसेकंद होते. वाजवणाऱ्या प्रोग्रॅमनं ती कापली नाही तर सगळं गाणं तेवढं उशिरा ऐकू येतं. क्लोन हिरोत नोट लागायची मुभा मागेपुढे सुमारे 70 मिलिसेकंद असते, म्हणून नोटा लागतात. पण ज्याचा हात तालात पक्का आहे त्याला ते खुपतं. तुम्हाला खुपलं, म्हणजे तुमचा कान बरोबर आहे, फाइल चुकीची आहे.

गिटारचंही तेच. नोट चुकली की गेम गिटारची वेगळी फाइल गप्प करतो. सगळी वाद्यं एकाच फाइलमध्ये असली तर गप्प काय करणार?

‘टेम्पो मॅप केलाच नाही’ हे मात्र मान्य नाही. तुमचं गाणं क्लिकशिवाय (मेट्रोनोमशिवाय), ढोलकीवर वाजवलेलं आहे. सुरुवातीला लय मिनिटाला 96 ठोक्यांच्या आसपास आहे, शेवटच्या मुखड्याला 108 होते. समजा आळस करून आम्ही अख्ख्या गाण्याला सरासरी 102 लावून मोकळे झालो असतो. 96 ला एक ठोका 625 मिलिसेकंदांचा, 102 ला 588 चा. दर ठोक्याला 37 चा फरक, म्हणजे दुसऱ्याच ठोक्याला 70 ची मुभा संपली. तसा चार्ट पहिला मुखडासुद्धा पार करत नाही. तुमचा दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत टिकला. प्रत्यक्षात प्रत्येक बारच्या पहिल्या ठोक्यावर टेम्पोची खूण आहे आणि जिथे ढोलकीवाल्यानं तिहाई घेताना लय ओढली आहे तिथे प्रत्येक ठोक्यावर. रीपर या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये चार्टची मिडी फाइल उघडलीत की दिसेल.

इतर बँडवाले हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच राहत असेल तर तो ऑफसेटचा (ऑडिओ कधी सुरू होतो त्याचा), कॅलिब्रेशनचा (आवाज आणि चित्राचा उशीर गेममध्ये जुळवण्याचा) किंवा ब्लूटूथ हेडफोनचा. हळूहळू वाढत जात असेल तर टेम्पो मॅपचा. एका जागी एकदम उडी मारून पुढे तितकाच राहत असेल तर ऑडिओची आवृत्ती वेगळी. आधी वायरचा हेडफोन लावा, टीव्ही गेम मोडवर टाका, मग कॅलिब्रेशन करा. चार्टला शिव्या नंतर.

आता ‘ईझी’. रॉक बँड हा असाच गेम बनवणाऱ्या हार्मोनिक्सनं 2010 मध्ये रॉक बँड नेटवर्क सुरू केलं आणि छोट्या स्टुडिओंना, बँडना आपली गाणी रीपरमध्ये चार्ट करून, मॅग्मा या त्यांच्या प्रोग्रॅममधून बांधून, एकमेकांकडून तपासून दुकानात ठेवता आली. ते नेटवर्क आज नाही, पण पातळ्या उतरवण्याची तिथली शिस्त आम्ही अजून पाळतो. ‘एक्स्पर्ट’ला वाजवलंय ते सगळं. ‘हार्ड’ला तीन नोटांचे कॉर्ड नाहीत आणि हिरवा-नारिंगी ही दोन टोकांची बटणं एकत्र नाहीत, कारण बोटं तेवढी ताणत नाहीत. ‘मीडियम’ बहुतेक ठोक्याला एक नोट, ‘ईझी’ दोन ठोक्यांना एक, कॉर्ड अजिबात नाही. तुमच्या रिफमध्ये (पुन्हापुन्हा येणाऱ्या गिटारच्या ओळीत) 108 च्या लयीला सोळांशाच्या, म्हणजे पाव ठोक्याच्या नोटा 139 मिलिसेकंदांवर येतात. पहिल्यांदा हातात प्लास्टिकचं गिटार घेतलेल्याला त्या द्यायच्या कशा?

‘पुसल्या’ म्हणालात म्हणून सांगतो. मिडीत ‘एक्स्पर्ट’ 96 ते 100 या क्रमांकांच्या स्वरांवर असतो, ‘ईझी’ 60 ते 64 वर. दोन्ही शेजारी ठेवून बघा. रिफमध्ये बँडनं जोर दिलाय तो दुसऱ्या ठोक्याच्या ‘आणि’वर, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या ठोक्याच्या मधोमध. नुसतं गाळलं असतं तर तो जोर गेला असता आणि उरलेल्या नोटा गाण्याशी फटकून वागल्या असत्या. म्हणून तिथली नोट ठेवली, तिच्या आधीची काढली आणि मोकळ्या झालेल्या जागेत आधीच्या नोटेचं शेपूट लांबवलं. एका गिटारच्या ‘ईझी’ला ‘एक्स्पर्ट’च्या निम्म्याहून जास्त वेळ जातो. लोकांना हे खरं वाटत नाही.

सोलोबद्दल: त्यात चौदा वेगवेगळे स्वर आहेत आणि बटणं पाच. चढत जाणारी ओळ नारिंगीवर पोचली की कुठेतरी खाली आणावीच लागते. ते आम्ही तानेच्या मध्यात करत नाही, श्वास घेतो तिथे, नव्या ओळीच्या पहिल्या नोटेला करतो. तुम्ही सांगितलेली जागा तशीच आहे. तिथे गिटारवाल्यानं मींड घेतली असल्यामुळे श्वास ऐकू येत नाही, हे कबूल. ती ओळ दोन नोटा आधी वळवता येईल आणि आम्ही ती वळवून देऊ.

ढोलकी ड्रमवर का? कारण पहिल्या अंतऱ्यात ड्रमसेट वाजतच नाही. चाळीस सेकंद ड्रमर बसून राहिला तर तो गाणं पुन्हा लावणार नाही. घुमारा किकवर, शाईची थाप लाल पट्टीवर, काठाचा टणत्कार पिवळीवर, असं बसवलंय. घिसकाऱ्याला एकच किक दिली आहे. प्लास्टिकच्या पेडलवर तिथे सलग सोळांश बहुतेकांच्या पायाला झेपत नाहीत. तरीही नको असेल तर काढतो, पण आमचं मत ठेवावी असंच आहे.

जादा पैशांचं कारण बिलात लिहिलं होतं, इथे पुन्हा लिहितो. तुम्ही सोळा ट्रॅक पाठवलेत, पण प्रत्येक ट्रॅक त्यातल्या पहिल्या आवाजापासून सुरू होत होता. सगळे शून्यावर ठेवले की बासरी मुखड्यावर येते. प्रत्येक ट्रॅक मूळ मिक्सशी लाटा बघून आणि कानानं जुळवावा लागला. शिवाय ते मास्टर लिमिटरसकट (पूर्ण मिक्सचा आवाज ठरावीक पातळीवर दाबून धरणाऱ्या साधनासकट) काढलेले होते. लिमिटर एकट्या गिटारवर वेगळा वागतो आणि पूर्ण मिक्सवर वेगळा, त्यामुळे स्टेम एकत्र केल्यावर ड्रम मोठे झाले आणि पातळ्या पुन्हा बसवाव्या लागल्या. काम सुरू करण्याआधी हे सगळं मेलवर कळवून तुमचा होकार घेतला होता.

चित्रपटातल्या गाण्याच्या दोन ओळी आम्ही शेवटी घेतल्या नाहीत, याचाही ओझरता उल्लेख आहे. चाल, शब्द आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. तुम्ही ते स्वतः गायलात म्हणून फक्त शेवटचा प्रश्न सुटतो. परवानगीचा कागद आला तर घेऊ.

आता पुढचं. मूळ फोल्डर पुन्हा पाठवला आहे. जुना पूर्ण काढून टाका, एमपी-थ्री त्यात ठेवू नका आणि गेममध्ये गाण्यांची यादी पुन्हा स्कॅन करा. व्हिडिओचीच आवृत्ती हवी असेल तर तिचा वेगळा चार्ट लागेल: संवादाच्या जागी मोकळी वेळ घालायची, पुढच्या सगळ्या खुणा सरकवायच्या आणि संवाद संपल्यावरचा पहिला ठोका नव्यानं बसवायचा. त्या कामाचे पैसे पडतील, मात्र फक्त त्या भागापुरते. त्यासाठी वेव्ह फाइल लागतील, लिमिटर बंद ठेवून आणि सगळे ट्रॅक एकाच शून्यापासून काढलेल्या. व्हिडिओवरून उतरवलेला आवाज चालणार नाही.