एअर रायफलमध्ये शिलाई मशीनचं तेल घालू नका

नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या सोलापुरातल्या पालकांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. एअर रायफल घरीच साफ करायची म्हणे: बॅरलमध्ये शिलाई मशीनचं तेल सोडा, तारेच्या ब्रशने घासा, तेल पसरायला चार-पाच रिकामे (छर्र्याशिवाय) शॉट मारा. रायफलचा हवेचा सिलिंडर जन्मभर चालतो आणि छर्रे हाताळून हात धुवायची गरज नाही, असंही त्यात आहे. यातला एकही सल्ला पाळण्यासारखा नाही.

सगळ्यात घातक तेलाचा. स्प्रिंगच्या रायफलमध्ये पिस्टन हवा इतक्या झटक्यात दाबतो की ती प्रचंड तापते. तिथे तेल पोचलं तर पेट घेतं. सील जळतं, स्प्रिंगला मार बसतो. सिलिंडरच्या रायफलमध्ये तर 200 बारपर्यंत (बाहेरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे 200 पट) दाबलेली हवा असते, तिच्या वाटेत खनिज तेल नकोच. ओ-रिंगला (हवा अडवणाऱ्या रबरी कड्याला) कंपनीने सांगितलेलं सिलिकॉन ग्रीस, तेही नावापुरतं. बाहेरच्या लोखंडी भागावरून तेलाचा हलका हात फिरवायला हरकत नाही, घामाने गंज चढतो. पण बॅरलमध्ये तेल राहिलं की पुढचे काही छर्रे भरकटतात, आणि 10 मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो.

तारेचा ब्रश कशाला? शिसं मऊ असतं, त्यासाठी बॅरलच्या आतले आटे ओरबाडायची गरज नाही. सिलिंडरच्या रायफलला फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) गोळ्या पुरतात, त्या छर्र्यासारख्या मारून बॅरल साफ होतं. स्प्रिंगच्या रायफलमधून त्या मारू नका. इतक्या हलक्या असतात की तो रिकामाच शॉट ठरतो, आणि पुढे हवेची गादी नसल्याने पिस्टन धाडकन आपटतो. मॅच (स्पर्धेच्या) रायफलला ड्राय-फायरची, म्हणजे छर्र्याशिवाय ट्रिगर दाबायची, वेगळी सोय असते, ती सरावासाठी. पुसायला आपल्याकडचा जुना टॉवेलही घेऊ नका, त्याचे धागे ट्रिगरमध्ये अडकतात. बिनधाग्याचं सुती कापड घ्या.

सिलिंडरवर तारीख कोरलेली असते, ती वाचा. मॅच रायफलच्या सिलिंडरची मुदत सहसा उत्पादनापासून 10 वर्षं असते. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, घरातही वापरू नये. आपल्या मे महिन्यात तो बंद गाडीत ठेवणं तर धोक्याचंच: 25 अंशांवर 200 बार भरलेला सिलिंडर 65 अंशांपर्यंत तापला तर आतलं प्रेशर साधारण 227 बार होतं.

हात न धुण्याबद्दल मला खरंच राग येतो. छर्रा शिशाचा असतो, बोटं काळी होतात ती त्यानेच. तीच बोटं डब्यातल्या भाकरीला लागतात. मुलांच्या मेंदूसाठी शिशाचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सराव किंवा सफाई झाली की साबणाने हात धुवायचे, मगच खायचं. छर्रे तोंडात धरायचे नाहीत. टार्गेटमागची पेटी झाडूने झाडू नका, धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. घरात रांगतं मूल असेल, तर सफाई त्याच्या खोलीत करूच नका.