मग शाळेत तुमचे काम काय?

मी वस्तीतील पालकांसोबत शाळेच्या प्रश्नांवर काम करणारी सामाजिक कार्यकर्ती आहे. आज एका बैठकीत एका अधिकाऱ्यांनी सर्वांसमक्ष मला विचारले, "तुम्ही शिक्षक नाही, शिक्षण खात्यातही नाही, मग शाळेत तुमचे काम काय?" तेथे मी सौम्यपणे उत्तर दिले, पण राग अजून गेलेला नाही.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि ५० टक्के महिला असाव्या लागतात, आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे हे त्या समितीचेच काम आहे. तरीही समितीवरील एक आई मला म्हणाली होती, "ताई, सही करायला बोलावतात, करून येते." आपली सही कशावर होते, हे तिला कोणीही सांगितलेले नव्हते. ते सांगणे, तिच्यासोबत बसून इतिवृत्त वाचणे आणि पुढच्या बैठकीआधी तिच्या वस्तीतील पालकांना एकत्र आणणे, हे माझे काम आहे.

काही स्वयंसेवी संस्थांचे उपक्रम छायाचित्रांपुरतेच असतात आणि काही समित्यांत गावकीचे राजकारण शिरते, हे मान्य. पण म्हणून पालकांनी फाटकाबाहेरच उभे राहायचे काय? १८८२ साली ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी करणारे जोतीराव फुले कोणत्या खात्यात नोकरीला होते? गोपाळ कृष्ण गोखल्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे १९११ चे विधेयक फेटाळले गेले, आणि शिक्षण हा मूलभूत हक्क करणारी घटनादुरुस्ती व्हायला २००२ साल उजाडले. एवढा काळ ही मागणी जिवंत ठेवली ती खात्याबाहेरच्याच माणसांनी.

त्याच आईने पुढच्या बैठकीत मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीचा हिशेब मागितला. मुख्याध्यापक प्रथम चिडले, मग त्यांनी वही उघडली, आणि शिल्लक रकमेतून दुरुस्ती करण्याचे त्याच दिवशी ठरले. माहिती भरण्याच्या कामांमुळे त्यांनाही श्वास घ्यायला वेळ नसतो, हे मला तेव्हा जाणवले आणि त्यांच्यावरचा माझा राग ओसरला.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुणांना मात्र स्पष्ट सांगते, की येथील नेमणुका बहुधा प्रकल्पापुरत्या असतात आणि निधी संपला की वस्तीशी जुळलेले नातेही अर्धवट सुटते. त्या आईचा विश्वास मिळवायला जो वेळ लागला, तो कोणत्याही प्रकल्पाच्या अहवालात मावत नाही. निधी देणाऱ्यांनी कार्यकर्त्यांचे मानधन किमान काही वर्षांसाठी निश्चित करावे, अशी माझी मागणी आहे, आणि ती मी त्या अधिकाऱ्यांसमोरही मांडणार आहे.