मर्यादा तुमच्या डोक्यात आहेत म्हणे. पण तिथे ठेवल्या कोणी?

आज ऑफिसात एका पाहुण्यांचं सेशन होतं. कॉलरला माइक लावून, स्टेजवर येरझाऱ्या घालत, "तुमच्या मर्यादा फक्त तुमच्या डोक्यात आहेत, आज त्या इथेच सोडून जा, 21 दिवसांत नवी सवय, नवं आयुष्य" वगैरे वगैरे. टाळ्या पडल्या. मी नाही वाजवल्या. तेव्हापासून डोकं तडकलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

डोक्यात आहेत, मान्य. पण तिथे त्या आपोआप उगवल्या का? मी पाण्याला घाबरते हे मला कळायच्या आधी आमच्या घरातल्यांना माहीत होतं. सहल निघाली की आई बाईंना सांगायची, हिला पाण्याजवळ सोडू नका हं, घाबरते ती. आत्या, मावशी, शेजारी, सगळ्यांना पाठ. आणि मग मी खरंच घाबरायला लागले, कारण आजूबाजूची सगळी मोठी माणसं एकच गोष्ट सांगतायत म्हटल्यावर लहान पोर दुसरं काय मानणार? पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःच सांगत होते, नको बाई, मला पाणी झेपत नाही. वाक्य आईचं होतं, आवाज फक्त माझा.

चाळिशी उलटल्यावर पोहायला गेले. सुरुवातीला नुसती कडेचा दांडा धरून उभी राहायचे, बोटं पांढरी पडेपर्यंत. शिकवणाऱ्या ताई एकदाही म्हणाल्या नाहीत की भीती सोडून द्या. त्या म्हणायच्या, तोंड पाण्यात घाला आणि नाकाने हवा सोडा, बुडबुडे येऊ देत. बास, एवढंच. पोहायचं नाव नाही. मग एक दिवस म्हणाल्या, छातीभर श्वास घ्या, गुडघे पोटाशी धरा आणि द्या सोडून. मी दिलं सोडून आणि पाठ आपली आपण वर आली! छातीत हवा भरलेली असली की बहुतेक माणसांचं अंग पाण्यापेक्षा थोडं हलकंच असतं, ते वर येणारच. आयुष्यभर ऐकलेलं सगळं एकीकडे आणि वर आलेली ती पाठ एकीकडे.

म्हणून मला त्या स्टेजवरच्या बोलण्याचा राग येतो. आधी विश्वास बदला मग सगळं बदलेल म्हणे. माझा कुठे बदलला होता? मी घाबरत घाबरतच पाण्यात होते, अंगाला आधी कळलं, डोक्याला कितीतरी उशिरा, आणि अजूनही खोल बाजूला दम लागला की हात पहिला दांडा शोधतो. जुनी सवय पुसली जात नाही हो. पावलॉव नावाच्या रशियन शास्त्रज्ञाला त्याच्या कुत्र्यांमध्ये हेच दिसलं होतं. खायला देण्याआधी दरवेळी एक इशारा द्यायचा, मग पुढे नुसत्या इशाऱ्यानेच त्यांना लाळ सुटायची. नंतर इशारा द्यायचा पण खायला द्यायचं नाही, असं करत करत लाळ बंद झाली, आणि मध्ये थोडा वेळ जाऊ दिल्यावर पुन्हा इशारा दिला तर लाळ परत हजर. म्हणजे माणूस थकला, घाबरला आणि जुन्या वळणावर गेला तर तो काही नापास झाला नाही.

आणि ते 21 दिवस! मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी 1960 साली लिहिलं की पेशंटना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान 21 दिवस तरी लागतात. निदान! त्यातलं निदान गळालं, चेहरा गळाला, उरला आकडा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात 96 लोकांवर खरंच अभ्यास झाला, तो 2010 ला छापून आला. एक साधी रोजची गोष्ट अंगवळणी पडायला मधला आकडा 66 दिवसांचा, आणि माणसामाणसात फरक केवढा तर 18 पासून 254 पर्यंत. शिवाय मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. हे कोणी सांगत नाही. मग बाविसाव्या दिवशी माणूस म्हणतो, माझ्यातच खोट आहे, आणि जुन्या समजुतीवर आणखी एक शिक्का.

बरं, अशा भाषणांनी कोणाला उभारी येत असेल तर येऊ दे. काही समजुती आपल्याच सोयीच्या असतात, आपणच जपतो, तेही खरं. एवढं मान्य.

आता जरा शांत झालेय. आईबद्दल लिहायचं राहिलं. तिच्या लहानपणी तिच्या वर्गातली एक मुलगी बुडून गेली होती. हे तिने मला मी पोहायला लागल्यावर सांगितलं, त्याआधी कधीच नाही. माझ्याकडे बघताना तिला दरवेळी ती मुलगी दिसत असणार. तिच्यावर कसली चिडू मी? आता ती काठावर खुर्ची घेऊन बसते, मी पलीकडे पोचेपर्यंत एक शब्द बोलत नाही, पदर मुठीत गच्च धरलेला असतो. तिचं वय बघा, आणि तीही बदलतेय.

पण बाकीच्यांचं काय! परवा काकू म्हणाली, अगं तू आणि पोहणं? मी म्हटलं, काकू, मी नियमित जाते. तर म्हणे हो गं, पण तू मूळची घाबरटच. माणूस बदलून मोकळा होतो तरी लोक त्याची जुनी पाटी उतरवायला तयार नाहीत. सवय मोडायची तर ती त्यांची आधी मोडली पाहिजे.

आमच्याकडे एक मॅडम आहेत, रिटायरमेंट जवळ आलीय. त्यांना एक्सेल शिकायचंय. बसल्या की कोणीतरी येतं, मॅडम राहू द्या, मी करून देतो, आणि माऊस हातातून घेतं. प्रेमानेच घेतं. आज टाळ्या वाजवण्यात हीच मंडळी पुढे होती. या वयात काय शिकणार, असं पाठीमागे बोलतात ते वेगळं. लंडनच्या टॅक्सी ड्रायव्हर व्हायला निघालेल्या लोकांना हजारो रस्ते पाठ करावे लागतात, त्यात जे पास झाले त्यांच्या मेंदूत फरक पडलेला स्कॅनमध्ये दिसला. मोठी माणसं होती ती, शाळकरी पोरं नव्हेत.

ऑफिसवाले माझ्या लिस्टमध्ये आहेत, वाचतीलच. मॅडम उद्या लंचनंतर पिव्होट टेबल करायला बसणार आहेत. शेजारी बसायचं असेल तर खुशाल बसा, पण हात मागे ठेवा. चुकीचा कॉलम सिलेक्ट केला तरी गप्प राहा. कंट्रोल झेड कुठे असतं ते त्यांना माहितीये.