महत्त्वाचे ३ (नवीन)

मोबाइलमध्ये टिपणं कशी ठेवावीत, याचं ज्ञान मला गेल्या मंगळवारी रात्री साडेअकरा वाजता झालं. इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत, एका डुगडुगत्या स्टुलावर बसून. आत आई तापाने फणफणलेली आणि समोर डॉक्टर पोरगी पेन उघडून उभी, ‘कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का?’ आहे. नोंदही आहे. तर अशी नोंद तुम्हालाही ठेवता यावी म्हणून हा सल्ला, फुकट.

पहिलं म्हणजे सगळ्या घराची मिळून नोंद एकच असावी. आमच्या दादाने तशीच ठेवली आहे आणि मायेने आम्हा सगळ्यांना शेअर केली आहे. तीत आईच्या गोळ्या आहेत, दूधवाल्याचा हिशेब आहे, भाडेकरूचं डिपॉझिट, वॉशिंग मशीनची वॉरंटी, खिडकीच्या जाळीचं माप, गुळाच्या पोळीचं प्रमाण आणि कुणाच्या तरी लग्नात ऐकलेला उखाणा आहे. अंगठ्याने वर सारत राहायचं. हाताला व्यायाम होतो.

शीर्षक देऊ नका. दिलंच तर ‘महत्त्वाचे’ द्या, ती नोंद भरली की ‘महत्त्वाचे २’.

एका नोंदीत एकच गोष्ट लिहावी म्हणणारे लोक भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. जर्मनीत निकलास लुहमान नावाचे एक समाजशास्त्रज्ञ होऊन गेले, त्यांना हे वेड होतं. एका चिठ्ठीवर एक विचार, चिठ्ठीला क्रमांक, ५७/१२ ला मध्येच काही जोडावंसं वाटलं की नवी चिठ्ठी ५७/१२ए. अशा सुमारे ९०,००० चिठ्ठ्या लाकडी खणांत लावल्या आणि त्यांतून पन्नासाहून जास्त पुस्तकं काढली. कॉम्प्युटर नाही, काही नाही. बिचाऱ्यांना दूधवाल्याचे खाडे मांडायचे नसावेत.

टॅग मात्र सढळ हाताने लावा. #आई, #आईसाठी, #मम्मी, #आरोग्य, #हेल्थ. प्रत्येकाखाली एकेक नोंद.

डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो काढून टाका. तिरका, बोटासकट.

ऑब्सिडियन नावाचं टिपणांचं ॲप घ्या, नोंदींचे एकमेकींशी दुवे जोडा. त्या दुव्यांच्या नकाशात ठिपक्यांची रांगोळी फार सुरेख दिसते.

आणि एवढं करून काही सापडलं नाही तर? ‘सर्च कर की!’ हे दादाचं आवडतं वाक्य. केलं सर्च. ‘ॲलर्जी’ टाकलं, शून्य. कारण माझ्या कीबोर्डवर ॲ हे एक सबंध अक्षर आहे, आणि दादाच्या फोनवर अ लिहून वर चंद्र काढावा लागतो. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे, यंत्राच्या लेखी दोघांची तोंडओळखसुद्धा नाही. (ऍ लिहिणारी मंडळी वेगळीच.) ‘पुरळ’ टाकलं, शून्य. दादाने लिहिलं होतं ‘अंगावर उठलं’. ‘गोळी’ टाकलं, तेही शून्य! कारण दादाने सगळीकडे ‘गोळ्या’, ‘गोळ्यांनी’ असं लिहिलेलं. शाळेत सामान्यरूपाच्या तासाला मी खिडकीबाहेर बघत बसायचे, त्याचा सूड असा पन्नाशीत उगवला. पाणी शोधलं तर पाण्याचं सापडत नाही, विहीर शोधली तर विहिरीत सापडत नाही. नुसतं ‘गोळ’ शोधायला हवं होतं, हे मला पहाटे तीन वाजता सुचलं. मग ‘औषध’ टाकलं. हे मात्र भरभरून सापडलं. झुरळांचं औषध, तुळशीवरच्या किडीचं औषध, औषधवाल्याची उधारी, औषधवाल्याचा मुलगा दहावी पास, पेढे दिले. दादाला फोन लावावा तर तो रात्रीच्या गाडीत, रेंज नाही. डॉक्टर दोनदा येऊन विचारून गेली. तिसऱ्यांदा तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. लघवीचं इन्फेक्शन आहे, अँटिबायोटिक सुरू करायचंय, आणि मी तिथे गुळाच्या पोळीचं प्रमाण वाचत बसलेय!

सापडलं शेवटी. जाळीच्या मापाखाली आणि गणपतीच्या वर्गणीच्या वर. ‘सल्फाच्या गोळ्या नको अॅलर्जी अंगावर उठलं होतं’. पूर्णविरामसुद्धा नाही. सल्फा म्हणजे अँटिबायोटिकमधलाच एक प्रकार.

अरे, आईच्या जिवाची ओळ आहे ती! ती जाळीच्या मापाला खेटून लिहायची? तुम्ही सगळेच असे आहात. हसू नका, तुमचा फोन उघडा आणि वरच्या पाच नोंदींची नावं मोठ्याने वाचा. मीही त्यातलीच. माझ्याकडे ‘नवीन टीप’ नावाच्या अकरा टिपा आहेत. नवं ॲप घ्यायचं, दोन दिवस त्याचे रंग निवडायचे, आणि मग पुन्हा सगळं एकाच गाठोड्यात कोंबायचं. ॲप काय करील? एक गोष्ट, एक नोंद. ‘आई : सल्फाची ॲलर्जी’ एवढं शीर्षक लिहायला दहा सेकंद लागतात. शोधताना जो शब्द तोंडात येईल तोच शीर्षकात घाला, आणि त्याची दोन-तीन रूपं खाली लिहून ठेवा, इंग्रजी नावासकट. फोन लॉक असतानाही दिसेल अशी आणीबाणीची माहिती भरायची सोय फोनमध्ये असते, रक्तगट आणि ॲलर्जी तिथे लिहा. तेही जमत नसेल तर कागदाची चिठ्ठी करून आईच्या पाकिटात ठेवा, पण ठेवा!

आई परवा घरी आली. दादाने लगेच नवी नोंद शेअर केली, नाव वर दिलंय तेच. मी त्यातून आईचं सगळं उचलून वेगळं केलं आहे. जाळीचं माप कुठे गेलं म्हणून काल फोन आला होता.

सर्च कर की, दादा.