थेक्कडीच्या तलावावर मोठ्या बोटी कमी व्हायला हव्यात

केरळमधील थेक्कडी येथील पेरियार व्याघ्र प्रकल्प पाहून आलेल्या अनेकांच्या तोंडी एकच तक्रार असते, की तासभर बोटीत बसलो, पण वाघ काही दिसला नाही. ही तक्रार ऐकली की मला मनापासून वाईट वाटते, कारण त्या पाण्यावर जे रोज दिसते, त्याकडे यांपैकी बहुतेकांनी नीट पाहिलेलेच नसते.

हा तलाव मुळात माणसाने केलेला आहे. पेनिक्विक या ब्रिटिश अभियंत्याच्या देखरेखीखाली बांधलेले मुल्लपेरियार धरण 1895 मध्ये पूर्ण झाले, पश्चिमेकडे वाहणारे पाणी बोगद्यातून पूर्वेकडील कोरड्या मुलखाकडे, आजच्या तमिळनाडूत, वळवले गेले आणि दऱ्यांमधले जंगल बुडाले. सुमारे 26 चौरस किलोमीटरच्या या जलाशयात त्या बुडालेल्या झाडांचे काळे बुंधे सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही उभे आहेत आणि त्यांच्यावर पाणकावळे व तिरंदाज पक्षी पंख वाळवत बसलेले असतात. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठाच्या उघड्या जमिनीवर कोवळे गवत येते आणि त्यासाठी हत्ती, गवे, सांबर खाली उतरतात. पावसाळ्यानंतर तोच काठ पाण्याखाली जातो आणि जनावरांना आत रानातच चारापाणी मिळते. कधी काय दिसेल हे अशा रीतीने पाण्याच्या पातळीवर ठरते, आणि तिकीट काढतानाच हे कोणी समजावून सांगितले, तर निम्मी निराशा टळेल.

माझा आक्षेप मोठ्या प्रवासी बोटींना आहे. काठावर हत्ती दिसताच आरडाओरडा होतो, मोबाइल उंचावले जातात आणि सगळेच एका बाजूला झुकू पाहतात. 30 सप्टेंबर 2009 रोजी याच तलावात दुमजली प्रवासी बोट उलटून 45 जणांचा मृत्यू झाला, आणि प्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूला गोळा झाल्याचे तेव्हाच्या वृत्तांमध्ये आले होते. त्यामुळे 'जागेवर बसा' ही सूचना मला शिस्तीपुरती वाटत नाही. त्या दुर्घटनेची आठवण ठेवून प्रत्येक फेरीपूर्वी ती गांभीर्याने दिली जावी.

याच तलावावर बांबूच्या तराफ्याची सफरही आहे. काही अंतर रानातून चालायचे, मग वल्ही मारत पाण्यावरून जायचे. माणसे मोजकी, सोबत वाटाडे आणि शस्त्रधारी वनरक्षक. विशेष म्हणजे पूर्वी रानदालचिनीची साल चोरून विकणारे काही जण नव्वदच्या दशकातील परिसर विकास योजनेतून वाटाडे झाले, आणि ज्यांना या रानाच्या वाटा सर्वाधिक ठाऊक होत्या, तेच आता हे रान दाखवू आणि राखू लागले. पर्यटनाचा पैसा जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांच्या हाती जाण्याचा याहून चांगला मार्ग मला तरी दिसत नाही. शिवाय इंजिनाचा आवाज नसल्यामुळे पाणमांजरांचा कळप मासे खाताना कुडुमकुडुम करतो, तेही ऐकू येण्याची शक्यता असते.

वृद्धांना, लहान मुलांना आणि चालणे जमत नसलेल्यांना तराफा झेपणार नाही, हे खरेच आहे, आणि त्यांच्यासाठी बोट राहिलीच पाहिजे. मात्र ती लहान असावी, एकमजली असावी, विजेवर चालणारी असावी आणि तिच्यात परिसराची माहिती देणारा माणूस असावा. काठावर जनावरे दिसली की ठरावीक अंतरावर थांबून इंजिन बंद करण्याचा नियम असावा आणि मोठ्याने ओरडणाऱ्या प्रवाशांना दंड व्हावा. फेऱ्यांची संख्या घटली, तर तिकीट महाग होईल आणि काहींना दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागेल, याची मला जाणीव आहे. तरीही 925 चौरस किलोमीटरच्या राखीव जंगलातील या पाण्यावर पहिला हक्क तिथे प्यायला येणाऱ्या जनावरांचा आहे आणि बोटींचे वेळापत्रक त्यांच्या सोयीने आखले जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.