मामाची वही आणि लंडनचा पत्ता

मामाकडे एक वही आहे. पुठ्ठ्याच्या बांधणीची, दोनशे पानी. पहिली निम्मी वही दूध, पेपर आणि कामवाल्या मावशींच्या खाड्यांनी भरलेली. मग एक पान कोरं सोडून त्याने गेल्या वर्षी ठळक अक्षरात ‘गुंतवणूक’ असं लिहिलं आणि पट्टीने चार रकाने आखले: तारीख, रक्कम, कोणाच्या खात्यात, यूटीआर नंबर, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला बँक देते तो क्रमांक. समोरच्या पानावर नफा, हिरव्या शाईने.

दिवाळीत कर्वेनगरला गेले तेव्हा त्याने ती वही माझ्यापुढे ठेवली आणि स्वतः गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालत बसला. नऊ आठवड्यांत अकरा नोंदी, बेरीज २६,४०,०००. निवृत्तीच्या पैशातला मोठा वाटा. हिरव्या पानावर शेवटचा आकडा एक कोटी चौदा लाख. तो मोबाईलवरच्या ॲपमध्ये दिसायचा, तिथून उतरवून घेतलेला.

मी हिरवं पान सोडून तिसरा रकानाच वाचत राहिले. अकरा वेळा पैसे भरले आणि अकराही वेळा खातं वेगळं. एक ट्रेडर्स, दोन एंटरप्रायझेस, एक मोबाईल शॉपी, बाकी साध्या माणसांची नावं. गुंतवणूक परदेशातल्या क्रिप्टो एक्स्चेंजमध्ये करायची तर पैसे कुठल्या तरी तालुक्याच्या गावातल्या मोबाईल शॉपीला का द्यायचे? हा माणूस रिक्षाच्या मीटरवरचे दोन रुपये सोडत नाही. विचारलं तर गॅलरीतूनच म्हणाला, “अगं, मीही विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे थेट बाहेर पाठवता येत नाहीत, हे आमचे इथले एजंट. पटलं मला.”

मॅडम म्हणजे व्हॉट्सॲपवरच्या एकशे चाळीस जणांच्या ग्रुपची चालक. रोज कुणीतरी नफ्याचा स्क्रीनशॉट टाकणार, कुणीतरी मॅडमचे आभार मानणार, कुणीतरी लेकीच्या लग्नाचा खर्च निघाला म्हणून हात जोडणार. ते एकशे चाळीसही बहुधा एकाच खोलीत बसलेले. खरा गिऱ्हाईक मामा एकटा.

शेवटची नोंद ४,२०,००० ची, पुढे कंसात ‘कर’. पैसे काढायला गेला तेव्हा आधी कर भरा म्हणाले. हे फार हुशारीने रचलेलं असतं, कारण कर खरोखरच आहे. क्रिप्टोच्या नफ्यावर भारतात एप्रिल २०२२ पासून तीस टक्के कर लागतो आणि मामाने तो पेपरात वाचला होता. फक्त तो आपण आपल्या विवरणपत्राबरोबर सरकारला भरायचा असतो. विक्रीच्या वेळी कापला जातो तो एक टक्का टीडीएस, तोही आपल्याच रकमेतून. स्वतःचे पैसे मिळावेत म्हणून वरून आणखी पैसे भरायला लावणारा कर कुठल्याही देशात नाही. अर्धं खरं माहीत असलेला माणूस त्यात अडकतो. काहीच माहीत नसलेला कदाचित वाचलाही असता.

चार लाख वीस हजार भरल्यावर ग्रुप गायब झाला. मामा कुणालाच काही बोलला नाही. मामीलाही नाही. एकोणीस दिवस.

मला लिहायचं आहे ते त्या एकोणीस दिवसांबद्दल. पुण्यात या विषयावर जो वाद चालतो त्यात ते कुठेच नसतात.

वाद काय चालतो ते सोसायटीच्या ग्रुपवर मी रोज वाचते. इकडे ब्रिटनमध्ये, रेडिंगला, सकाळी डोळे उघडेपर्यंत तिकडची निम्मी भांडणं होऊन गेलेली असतात. एक पक्ष म्हणतो, हाव नडली, आता रडून काय उपयोग. दुसरा म्हणतो, सरकारने क्रिप्टोवर सरसकट बंदी घातली पाहिजे. तिसरा, आणि यात माझ्यासारख्यांचे आईवडील पुष्कळ, म्हणतो की परदेशात बघा, बँक सगळे पैसे परत करते. मग मला विचारणा होते, काय गं, तिकडे देतात ना?

आधी बंदीचं. मामाने आयुष्यात एकही क्रिप्टो नाणं विकत घेतलं नाही. त्याने आपल्या बँकेतून रुपये पाठवले, दुसऱ्या भारतीय बँकेतल्या खात्यात. ॲपमधला ‘यूएसडीटी’चा, म्हणजे डॉलरशी किंमत बांधलेल्या क्रिप्टो नाण्याचा, आकडा हे नुसतं चित्र होतं. क्रिप्टो त्यानंतर सुरू होते, आणि ती मामा नव्हे, ठग विकत घेतात. भाड्याने घेतलेल्या खात्यात पैसे पडले की ते पाच-दहा खात्यांत फुटतात, त्यातून कुणाकडून तरी यूएसडीटी घेतले जातात आणि ते देशाबाहेरच्या वॉलेटमध्ये, म्हणजे क्रिप्टोच्या खात्यात, जातात. रुपया रुपया असतो तो काही तास, कधी काही मिनिटं. तेवढ्यातच त्याला हात लावता येतो. १९३० ही हेल्पलाइन आहे ती त्यासाठीच: फोन केला, यूटीआर सांगितला की साखळीतल्या बँकांना निरोप जातो आणि खात्यात जे उरलं असेल ते गोठवलं जातं. मामाकडे अकराच्या अकरा यूटीआर सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. फोन मात्र विसाव्या दिवशी लागला.

आता ‘तिकडे देतात ना’ याचं उत्तर. देतात, पण ऐकणाऱ्याला वाटतं तसं नव्हे. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम आहे की माणसाला फसवून त्याच्याच हाताने बँकेतून पैसे पाठवायला लावले तर ८५,००० पौंडांपर्यंतची रक्कम त्याला परत मिळावी, बहुतेक वेळा पाच कामकाजी दिवसांत. भारतात रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम ग्राहकाला संरक्षण देतो, पण तो त्याच्या नकळत झालेल्या व्यवहाराला. स्वतः बटण दाबलं असेल तर नाही. इथवर तुलना ग्रुपवाल्यांच्या बाजूने आहे. पण ब्रिटनच्या नियमातून देशाबाहेर पाठवलेले पैसे वगळले आहेत आणि क्रिप्टोचे व्यवहारही. माझ्या शेजारचे निवृत्त गृहस्थ, आयुष्यभर बस चालवली त्यांनी, अशाच ग्रुपमध्ये चाळीस हजार पौंड घालवून बसले. त्यांनी आपल्या बँकेतून स्वतःच्याच नावाच्या खऱ्या एक्स्चेंजवरच्या खात्यात पैसे टाकले आणि तिथून क्रिप्टो ठगांना पाठवली. बँक म्हणाली, आमच्याकडून तुमचे पैसे तुमच्याच खात्यात गेले, यात आमचा काय संबंध. आता प्रकरण बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या तिथल्या लोकपालाकडे आहे. म्हणजे मामाने तिथे असताना याच वाटेने पैसे पाठवले असते तर त्यालाही ‘नाही’च ऐकावं लागण्याची शक्यता होती.

मात्र एक फरक मी डोळ्यांनी पाहिला. त्या गृहस्थांनी फसल्याचं कळलं त्याच संध्याकाळी १५९ ला फोन लावला. तो नंबर थेट तुमच्या बँकेशी जोडून देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना त्यांनी मला सगळं सांगितलं, आकड्यासकट. मी अवघडले, ते नाही. आमच्याकडे पुण्यात असं कुंपणावरून कुणी सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत पूर्ण बिल्डिंगने त्याची हाव मोजली असती. मामा म्हणालाच, “पैसे गेले त्याचं एक. पण जोशी काय म्हणेल?” जोशी म्हणजे वरच्या मजल्यावरचे, ज्यांनी त्याला मुदत ठेवीत ठेव म्हणून बजावलं होतं. एकोणीस दिवस खाल्ले ते जोशींनी. बिचाऱ्यांना पत्ताही नाही.

ब्रिटिश नियमातली जी गोष्ट खरंच भारतात आणण्यासारखी आहे तिच्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. भरपाईचे पैसे सरकार देत नाही. पाठवणारी बँक निम्मे देते आणि ज्या बँकेत ठगाचं खातं होतं ती निम्मे देते. खातं कुणाला उघडून दिलं आणि त्यात अचानक दिवसाला लाखो रुपये का फिरताहेत, हे बघण्यात त्या बँकेचा स्वतःचा खिसा अडकतो. मामाच्या तिसऱ्या रकान्यातल्या अकरा बँकांना आज असं काहीच अडकलेलं नाही. ‘हावरटांना करदात्यांनी का पोसायचं’ हा सवाल त्यामुळे मुळातच चुकीच्या पत्त्यावर जातो. अर्थात हे जसंच्या तसं उचलून आणता येईल असंही मी म्हणत नाही. निम्मा भार पडणार म्हटल्यावर बँका घाबरून दिसेल ते खातं गोठवतील, आणि ते आजही होतंच आहे. वडेवाल्याला कुणीतरी चाळीस रुपये यूपीआयने दिले, त्यातला पैसा फसवणुकीचा निघाला आणि दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावर त्याचं खातं महिनाभर बंद, असे प्रकार घडले आहेत.

पुण्याला तर या बाबतीत कुणी शिकवायला नको. गेनबिटकॉइनचे गुन्हे २०१८ मध्ये इथेच दाखल झाले. महिन्याला दहा टक्के, तेही बिटकॉइनमध्ये, अशी ती योजना. तपासाला मदत म्हणून घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी २०२२ मध्ये अटक केली, जप्त वॉलेटमधलं क्रिप्टो वळवल्याच्या आरोपावरून. योजनेचा मुख्य आरोपी त्याच वर्षी वारला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने देशभरातले गुन्हे सीबीआयकडे गेले. हे पाहिलेल्या शहराने ‘तक्रार करून काय होतं’ असं म्हटलं तर मी कोणत्या तोंडाने वाद घालू? आणि लंडनचं म्हणाल तर तिथल्या पोलिसांनी २०१८ मध्येच झिमिन च्यान नावाच्या बाईच्या घरावर छापा घातला आणि त्या तपासात एकसष्ट हजारांहून अधिक बिटकॉइन हाती आले. चीनमधल्या एक लाख अठ्ठावीस हजार लोकांना फसवून जमवलेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिला अकरा वर्षं आठ महिन्यांची शिक्षा झाली. चोर सापडली, माल सापडला, मालाची किंमत दरम्यान कित्येक पट वाढली, आणि तरी शिक्षा सुनावली तेव्हा कुणाला किती परत द्यायचं याचा वाद कोर्टात चालूच होता. एवढं सगळं हाताशी असून सात वर्षं. मामाचे पैसे ज्या वॉलेटमध्ये गेले त्याचा तर पत्ताच नाही.

हे मी त्याला समजावत असतानाच त्याने खिशातून फोन काढला. “हे बघ, हे लोक काढून देतात म्हणे.”

लंडनची ‘रिकव्हरी फर्म’. ब्लॉकचेनवर, म्हणजे क्रिप्टोच्या जाहीर खातेवहीत, त्यांना मामाचे पैसे ‘सापडले’ होते, रक्कम रुपयापर्यंत बरोबर. बरोबर असणारच. ज्यांनी लुटलं त्यांच्याकडेच ती यादी असते, तीच पुढे विकली जाते किंवा तेच लोक दुसरी टोपी घालून येतात. फी अवघी नव्वद हजार, आगाऊ. मामाचं म्हणणं एवढंच, “तू तिकडेच असतेस ना, एकदा जाऊन बघून ये. माणसं खरी असतील तर देऊ.”

मी नको म्हणून हात झटकू शकले असते. पण मला मामा माहीत आहे, माझ्या ‘नको’वर तो थांबला नसता. परतल्यावर एका शनिवारी लंडनला गेले. पत्ता खरा होता. केशकर्तनालय आणि कॉफीचं दुकान यांच्या मधलं एक दार, आत एक काउंटर, मागे भिंतभर टपालाचे कप्पे. काउंटरवरच्या मुलाला फर्मचं नाव सांगितलं. त्याने संगणकात पाहिलं आणि म्हणाला, हो, त्यांचं टपाल इथे येतं, माणसं कोणी बसत नाहीत. किती कंपन्यांचा हा पत्ता आहे विचारलं तर हसला. ब्रिटनमध्ये कंपनी नोंदवायला एप्रिल २०२४ पर्यंत बारा पौंड पुरत, मे २०२४ मध्ये पन्नास झाले. त्यामुळे नोंदणी क्रमांक असणं म्हणजे काहीच नाही. तिथल्या आर्थिक नियामकाच्या, एफसीएच्या, यादीत ती फर्म नव्हती. मी कप्प्यांचा फोटो काढून मामाला पाठवला. दोन तासांनी उत्तर आलं, “कप्पा बराच लहान दिसतोय.”

ब्लॉकचेनवरचा माग खरोखर काढता येतो, हे खरं आहे. म्हणूनच हे भामटे पटतात. प्रत्येक व्यवहार उघड्या खातेवहीत कायमचा राहतो. यूएसडीटी काढणारी कंपनी एखाद्या वॉलेटमधले यूएसडीटी गोठवूही शकते, एक्स्चेंज खातं थांबवू शकतं. पण ते पोलिसांच्या नाहीतर कोर्टाच्या पत्रावर, नव्वद हजार घेणाऱ्याच्या सांगण्यावर नव्हे. बिटकॉइनला तर गोठवणारा कुणी मालकच नाही.

मामी या सगळ्यात एकदाच बोलली. म्यानमारमधल्या म्यावाडीच्या छावण्यांतून मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणलं. नोकरीच्या आमिषाने नेऊन, पासपोर्ट काढून घेऊन, असल्याच चॅट करायला बसवलेली पोरं. ते ऐकून म्हणाली, “म्हणजे ती मॅडमही कुणाची तरी पोरगी असेल कोंडलेली.” मामाला ते आवडलं नाही. त्याला निदान कुणावर तरी चिडायचं होतं.

परत काय मिळणार, ते सांगते. विसाव्या दिवशी तक्रार केली तेव्हा दहा खाती रिकामी होती. अकराव्यात, कराच्या चार लाख वीस हजारांपैकी, १,८३,००० शिल्लक सापडले. का? तर ते खातं दुसऱ्या कुणाच्या तरी तक्रारीवरून मामाचे पैसे पडल्यानंतर काही तासांतच गोठवलं गेलं होतं. मध्य प्रदेशातल्या एका शिक्षकांनी त्याच दिवशी १९३० ला फोन केला होता. त्यांनी लाज धरली असती तर मामाचेही गेले असते. आता त्या रकमेवर दोघांचाही दावा आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला आहे. वकील म्हणतात, बहुधा प्रमाणात वाटून मिळेल.

मामा फाईल घेऊन शिवाजीनगर कोर्टात जातो, मेट्रोने. पुढची तारीख त्याने वहीत लिहून ठेवली आहे, हिरव्या शाईने. मी विचारलं, हे काय? म्हणाला, “दुसरं पेन कुठाय आता घरात.”