दीड लाखाचा टोन आणि बाबांचं फीलर गेज

गिटार घ्यायला सासऱ्यांना बरोबर नेऊ नये. ते वागळे इस्टेटमधल्या टूलरूममधून निवृत्त झालेले असतील, तर दुकानाचा पत्तासुद्धा सांगू नये. क्लासच्या सरांनी "आता स्वतःची इलेक्ट्रिक घ्या" म्हटलं, ते मी घरात मोठ्यानं बोलले. बाबांनी लगेच शर्ट बदलला. रिक्षात बसल्यावर दिसलं, खिशात पेनाच्या जागी व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी आहे.

दुकानातल्या पोनीटेलवाल्या मुलानं दोन गिटारी समोर ठेवल्या. एक 15 हजारांची, एक दीड लाखाची. रंग तोच, आकारही तोच, 1954 पासून चालत आलेला, स्ट्रॅटोकास्टर नावाच्या इलेक्ट्रिक गिटारीचा.

"मधले एक लाख पस्तीस हजार कशाचे?" बाबांनी विचारलं.

"अंकल, टोन."

"मोजायचा कशानं?"

मुलगा गप्प. मग तपासणी सुरू झाली. बॉडी दोन्हींची सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर कापलेली, म्हणून बाबांनी ती सोडून दिली. नेक, म्हणजे गिटारीची लांब मान, बॉडीत बसते त्या खाचेत मात्र फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची पातळ पाती घालून पाहिली; स्वस्तात सरकली, महागात अडली. मुलगा एसीत घामाघूम. बाबांनी नेकच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि झटक्यात मागे घेतला. "बर काढलेला नाही!" बर म्हणजे धातूच्या कडेला राहिलेली टोचरी धार. मुलानं समजावलं की एसीच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, फ्रेटची धातूची पट्टी आकसत नाही, म्हणून तिची टोकं बाहेर येतात.

"मग ही जुलैत विकायची," बाबा म्हणाले.

तारा जिच्या खाचांतून जातात ती नट नावाची पट्टी स्वस्तात प्लॅस्टिकची होती. महागात हाडाची. हे ऐकल्यावर दोन मिनिटं मी फक्त सासूबाईंचा विचार करत होते. माझी खोली आणि देवघर यांची भिंत एकच आहे.

इथवर ठीक होतं. पण मुलानं उत्साहात मोबाइलवर 'रेलिक' गिटारी दाखवल्या. कारखान्यातच मुद्दाम रंग उडवलेल्या, ओरखडे पाडलेल्या, आणि म्हणून तशाच नव्या गिटारीपेक्षा महाग. बारीक ओरखड्यासाठी अख्खा लॉट परत पाठवण्यात ज्यांची हयात गेली, ते बाबा समोरच्या अॅम्प्लिफायरवर बसले. "रिजेक्शनचा माल, आणि वर जास्त पैसे?" त्यांना पाणी द्यावं लागलं.

मला विचाराल तर फरक खरा आहे. महाग गिटारीत चांगलं लाकूड आणि चांगले पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारे भाग असतातच, पण बराचसा पैसा माणसाच्या तासांचा असतो. कुणीतरी फ्रेटचं टोक न् टोक बसून गोल केलेलं असतं. स्वस्तात हेच तास वाचवतात. त्यामुळे एकाच मॉडेलचे दोन नग एकसारखे निघतीलच असं नाही. हे बाबांना न सांगता कळलं होतं. त्यांनी स्वस्तातले सगळे नग आतून काढायला लावले आणि एक डोळा मिटून प्रत्येक नेक सरळ आहे का पाहिली. सहा तारा मिळून तिच्यावर 45 किलोच्या आसपास ताण असतो म्हटल्यावर तर परत एकदा पाहिली. पिकअप, खुंट्या, नट, सगळं पुढे बदलता येतं. पिळलेली नेक मात्र सहजासहजी सरळ होत नाही.

शेवटी एक नग पास झाला. "मशीनिंग बरं आहे. राहिलं ते फिनिशिंग. घरी होईल."

'घरी होईल' या दोन शब्दांनी आमचा मिक्सर याआधी सहा महिने आडवा पडलेला आहे.

गिटार बाल्कनीतल्या टेबलावर गेली. तारा उतरल्या, फ्रेट ज्यात बसवलेले असतात त्या शिसवी पट्टीवर मास्किंग टेप लागली, कानस निघाली. क्लासमध्ये सरांनी विचारलं, "घेतली ना? कुठाय?" म्हटलं, फिनिशिंगला गेलीय. शेजारच्या मुलीनं कान टवकारले. "काकू, आजोबा माझीपण करून देतील? माझे फ्रेट पण टोचतात."

आता बाल्कनीत तीन गिटारी आहेत. बाबा आधी बाहेरच्यांच्या करून देणार आहेत. माझी काय, घरचीच.